जुन्या ओबीएम मशीनला ओव्हरहीट बझर जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की गावोगावच्या बोटी गोदामातनं बाहेर निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. चिखली-आंबेवाडीकडनं, शिरोळ तालुक्यातनं, धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांकडनं, प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडं परत सांगितलेलं नाही, तिथं नंबर बघून मागं-पुढं जावा. हे सगळं जुन्या टू-स्ट्रोक ओबीएम मशीनबद्दल (ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन) आहे, साधारण ८ ते ५० एचपीची, यामाहा, सुझुकी, तोहात्सू, मर्क्युरी, जॉन्सन-इव्हिनरूड वगैरे. कॉम्प्युटर असलेल्या नव्या फोर-स्ट्रोकला यातलं काही करू नका, त्यांची वॉर्निंग कंपनीनंच आत बसवलेली असते.

१. ओव्हरहीट बझर म्हणजे नेमकं काय? इंजिन गरम झालं की ते आपोआप बंद करतो का?

नाही, बंद करत नाही. फक्त ओरडतो. इंजिनाच्या हेडला एक छोटा तापमानाचा स्विच असतो, हेड ठराविक डिग्रीच्या वर गेलं की तो आतनं जुळतो आणि बझर वाजतो, एवढंच. आपल्याकडं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पोरासोरांना पण पाठ आहे. बझर म्हणजे ३९ फूट. ४३ ला पोचायच्या आत तुमच्या हातात थोडा वेळ आहे असं तो सांगतो, तो वेळ वापरायचा का घालवायचा हे हँडल धरणाऱ्याच्या हातात. पिस्टन जाम झाल्यावर कुठलाच बझर उपयोगाचा नाही.

२. मागनं पाण्याची धार पडते ती दिसतेच की, मग बझर कशाला पाहिजे?

धार बघायचीच, ती सवय सोडायची नाही. पण पुरात रात्री, वरनं पाऊस, पुढं लाईटच्या तारा आणि झाडांचे शेंडे चुकवायचेत, बोटीत म्हातारी माणसं आणि लहान पोरं बसलीत, अशा वेळी मान मागं वळवून धार बघणार कोण? डोळे पुढं गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. धार म्हणजे इंजिन थंड ठेवायला पंपानं उचललेल्या पाण्यातला थोडासा भाग बाहेर सोडलेला असतो. धार व्यवस्थित पडतीय पण थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकून बसलाय किंवा हेडमधले पाण्याचे मार्ग गाळानं भरलेत, असं होऊ शकतं आणि होतं. आणि उलटं पण होतं, इंजिन एकदम थंड पण धारेचं भोक बुजलेलं (ते प्रश्न १८ मध्ये आहे). म्हणून दोन्ही पाहिजेत.

३. माझ्या मशीनला आधीपासनंच बझर आहे का नाही कसं ओळखायचं?

वरचं टोपण काढा आणि सिलिंडर हेडवर, बहुतेक वेळा वरच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या आसपास बघा. बोटाच्या पेराएवढं काहीतरी हेडमध्ये बसलेलं आणि त्यातनं एक किंवा दोन वायर निघालेल्या दिसल्या तर तो स्विच. जॉन्सन-इव्हिनरूड आणि मर्क्युरीत ती वायर फिक्या तपकिरी रंगाची असते, चहात दूध जास्त पडल्यावर येतो तसा रंग. यामाहात गुलाबी. व्ही इंजिन असेल तर दोन्ही बाजूच्या हेडला एकेक स्विच असतो.

पुष्कळ जुन्या मशीनला स्विच असतो पण बझर नसतो, कारण बझर कंट्रोल बॉक्समध्ये होता आणि तो बॉक्स काढून कुणीतरी हँडल लावलं, वायर तशीच गुंडाळून ठेवलेली. असं असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. पण रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वीस-तीस वर्षांत चार मेकॅनिकांनी हात लावलेला असतो, ज्याच्याकडं जी वायर होती ती त्यानं जोडलेली असते. मल्टीमीटर लावून खात्री करा : थंड इंजिनात स्विचची वायर आणि इंजिनाची बॉडी यामध्ये कंटिन्युटी (करंटला सलग वाट, मीटर वाजतो ती) यायला नको. काहीशे ओहम असं काहीतरी रीडिंग आलं तर तो स्विच नाही, टेंपरेचर मीटरचा सेंडर आहे. तो बझरला चालत नाही.

४. सामान काय लागतं आणि कोल्हापुरात मिळतं का?

स्विच सोडला तर सगळं लक्ष्मीपुरीत किंवा कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. १२ व्होल्टचा पिझो बझर (टेंपो मागं घेताना वाजतो तो पण चालतो, फक्त सलग आवाजाचा मिळाला तर बरा, कारण प्रश्न १५), १ अँपचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची लवचिक वायर, वायरीच्या टोकाला लावायचे थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह, एक दारावरच्या बेलचं बटण आणि वाटलं तर एक लाल एलईडी.

वायर कथिल चढवलेली मिळाली तर तीच घ्या, साधं तांबं दोन पावसाळ्यात आतनं काळं पडतं आणि वरनं कळत पण नाही. थिंबल पकडीनं चेपू नका, क्रिंपिंग टूलनं दाबा. बझरच्या जोडणीत जास्तीत जास्त बिघाड होतात ते बझरमुळं नाही आणि स्विचमुळं पण नाही, ते सैल थिंबलमुळं होतात.

स्विच मात्र मशीनच्या मॉडेलप्रमाणे मागवावा लागतो. यामाहा, सुझुकी, तोहात्सूचा मुंबई-गोव्याकडच्या डीलरकडनं येतो. जॉन्सन-इव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी २००० सालीच बुडाली आणि नंतर ज्यांनी घेतली त्यांनी पण २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं थांबवलं, त्यामुळं त्याचे पार्ट आता दुसऱ्या कंपन्यांचे बघावे लागतात.

५. जोडणी कशी करायची, एकदम सोप्या भाषेत सांगा?

बॅटरीच्या प्लसपासनं निघा. प्लसला लागूनच फ्यूज. फ्यूजपासनं चावी किंवा साधा ऑन-ऑफ स्विच. तिथनं बझरची लाल वायर. बझरची काळी वायर मात्र बॅटरीच्या मायनसला लावायची नाही, ती लांब नेऊन हेडवरच्या तापमानाच्या स्विचला लावायची. स्विचची बॉडी हेडला टेकलेली आहे, हेड इंजिनाला, इंजिन बॅटरीच्या मायनसला. इंजिन तापलं की स्विच जुळतो, काळ्या वायरला अर्थ (म्हणजे अर्थिंग, मायनसकडची वाट) मिळते आणि बझर वाजतो.

म्हणजे या जोडणीत स्विच फक्त अर्थ देतो, प्लस त्याच्यापर्यंत बझरमधनंच पोचला पाहिजे. हे इतक्या जोरानं सांगतोय कारण सगळ्यात जास्त चूक इथंच होते. कुणीतरी बॅटरीचा प्लस थेट स्विचला लावतो, थंड असताना काहीच होत नाही, सगळं बरोबर वाटतं, आणि जेव्हा इंजिन तापतं, म्हणजे जेव्हा गरज असते नेमकं तेव्हाच, सरळ शॉर्ट होऊन फ्यूज उडतो आणि बझर गप्प.

स्विचला दोन वायर असतील (यामाहात गुलाबी आणि काळी) तर गुलाबी बझरकडं आणि काळी इंजिनाच्या बॉडीला. एलईडी लावायचा असेल तर १२ व्होल्टचा तयार इंडिकेटर घेऊन बझरच्या दोन वायरींनाच समांतर जोडा. आणि बेलचं बटण : त्याचं एक टोक बझरच्या काळ्या वायरीला, दुसरं अर्थला. बटण दाबलं की बझर वाजला पाहिजे. हे बटण लावाच.

चावीचा स्विच बोटीचा असेल तर मागं अक्षरं असतात. बी म्हणजे बॅटरी, ए किंवा आय म्हणजे चावी फिरवल्यावर करंट येतो तो. एम लिहिलेल्याला हात लावू नका, कारण पुढच्या उत्तरात आहे.

६. माझं मशीन दोरी ओढून चालू होतं, बॅटरीच नाही. मग करंट कुठनं घेऊ? स्टॉप बटणाच्या वायरमधनं घेतला तर चालेल?

अजिबात नाही. स्टॉपची वायर इग्निशनच्या सीडीआयला (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलेली असते, जॉन्सन, मर्क्युरीत ती काळी-पिवळी असते, यामाहात बहुतेक वेळा पांढरी. चावीच्या स्विचवरचं एम म्हणजे हीच वायर. तिच्यावर बॅटरीचे १२ व्होल्ट गेले की सीडीआय जळतो, आणि जुन्या मशीनचा सीडीआय मिळवताना घाम फुटतो. तिच्यातनं बझरसाठी करंट काढायला गेलात तर इंजिन चालणारच नाही.

सोपा मार्ग म्हणजे यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. पिझो बझर साधारण ३० मिलिअँप घेतो, त्या हिशोबानं सलग वाजला तरी दोनशे तास चालेल, आणि वाजत नसतो तेव्हा काहीच घेत नाही. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवून डबा बाकाखाली बांधा. मायनसपासनं एक वायर इंजिनाच्या बॉडीपर्यंत न्यायला विसरू नका. इंजिनाला बॅटरी नाही म्हणजे अर्थची वायर पण नाही, ती आपणच द्यायची. इंजिन वळतं, वर उचलतं, म्हणून त्या वायरीला एक सैल वेढा ठेवा.

मशीनला लाईटची कॉइल असेल तर तिच्यातनं पण करंट येतो, पण तो एसी असतो आणि आरपीएम वाढेल तसे व्होल्ट वाढतात. सरळ बझर लावला तर बझर जातो. रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचा डीसी करून व्होल्ट आवरणारा भाग) टाकून बॅटरी चार्ज करायला ती वापरा, बझर बॅटरीवरच ठेवा.

७. स्विच किती डिग्रीचा घ्यायचा?

मूळ पार्ट मिळत असेल तर हा प्रश्नच नाही, कंपनीनं ठरवलेलाच बसवा. तो मिळत नसेल तर आधी आपलं मशीन चांगल्या अवस्थेत किती तापतं ते मोजायचं. थर्मोस्टॅट असलेल्या जुन्या टू-स्ट्रोकचं हेड साधारण ५० ते ७० डिग्रीच्या मधे राहतं, पण साधारण म्हणजे तुमचं नव्हे. बोट पाण्यात, माणसं बसवून, दहा-पंधरा मिनिटं फुल थ्रॉटलवर चालवा आणि जिथं स्विच बसणार तिथं मोजा.

मोजायला इन्फ्रारेड गन लागते. कोरोनात घेतलेली कपाळाची गन चालत नाही, ती ४०-४२ च्या पुढं वाचतच नाही. उद्यमनगर, शिरोलीकडं कुणा फाउंड्रीत ओळख असेल तर तिथं चांगली गन असते. उघड्या, चकचकीत अॅल्युमिनियमवर मारू नका, फार कमी आकडा दाखवते. तिथं कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, तो गरम होऊ द्या, मग त्यावर मारा.

आलेल्या आकड्यावर मी २० ते २५ डिग्री वाढवून स्विच घेतो. समजा ६२ आले तर ८५ चा. त्याच्यापेक्षा जवळचा घेतला तर उगाच वाजत राहतो, मग लोक वैतागून वायरच काढतात. फार वरचा घेतला तर इशारा पातळीची पाटी ४३ वर लावल्यासारखं.

८. हेडला स्विचसाठी भोकच नाही. भोक पाडून आटे काढू का?

माझं ऐका, पाडू नका. हेडच्या आत पाण्याचे मार्ग आहेत, अॅल्युमिनियम पातळ आहे, ड्रिल कुठं निघेल सांगता येत नाही. हेडचे बोल्ट पण स्विच बसवायला म्हणून ढिले करू नका, ते ठराविक ताणानं आवळलेले असतात, एक ढिला केला की गॅस्केट जायची सुरुवात.

त्याऐवजी चपटा, बटणासारखा बायमेटल स्विच मिळतो, केएसडी ३०१ म्हणून मागा. मागताना दोनदा सांगा, गरम झाल्यावर जुळणारा पाहिजे, कारण दुकानात बहुतेक वेळा उलटा असतो, गरम झाल्यावर सुटणारा, गिझर-इस्त्रीसाठी. त्याला दोन टोकं असतात आणि त्याची बॉडी अर्थ देत नाही, म्हणून एक टोक बझरला आणि दुसरं वायरनं अर्थला. अॅल्युमिनियमची पट्टी कापून तो हेडच्या सपाट भागावर घट्ट दाबून बसेल असं करा, मधे कॉम्प्युटरवाल्यांची थर्मल पेस्ट लावा. पट्टीसाठी हेडचा नाही, आजूबाजूच्या एखाद्या ब्रॅकेटचा बोल्ट शोधा. असा वरनं दाबलेला स्विच आत बसणाऱ्या स्विचपेक्षा थोडा उशिरा जागा होतो, म्हणून प्रश्न ७ च्या हिशोबात २५ ऐवजी २० डिग्रीच धरा.

स्विच पाण्याच्या पाईपवर किंवा धारेच्या नळीवर बसवायची आयडिया बरेच जण सांगतात. ती चुकीची आहे. पाणी यायचंच बंद झालं तर नळीत गरम व्हायला पाणीच नसतं, नळी थंडच राहते आणि इकडं पिस्टन चिकटतो. स्विच धातूला टेकलेला पाहिजे, पाण्याला नाही.

९. सगळं जोडलं, आता बरोबर आहे का हे इंजिन तापवून बघायचं का?

तापवून बघू नका! पाणी बंद करून इंजिन चालवून बघणारी माणसं मी पाहिलीत. पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरला (पात्यांच्या चाकाला) पाण्याशिवाय मिनिटभर पण धीर निघत नाही, पाती जळतात.

चाचणी तीन टप्प्यात होते. पहिला : बटण दाबा, बझर वाजला म्हणजे बॅटरी, फ्यूज, बझर ठीक. दुसरा : स्विचवरनं वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, वाजला म्हणजे स्विचपर्यंतची वायर आणि इंजिनाची अर्थ ठीक. तिसरा : स्विच बाहेर काढून गरम पाण्यात. या तिसऱ्याला लोक कंटाळतात आणि गडबड नेमकी तिथंच असते.

पातेल्यात पाणी, त्यात स्विच दोऱ्यानं टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, वायरीचं टोक पाण्याबाहेर. शेजारी थर्मामीटर, तापाचा नाही, शाळेच्या लॅबमधला किंवा स्वयंपाकाचा सुईवाला. मल्टीमीटर कंटिन्युटीवर. गॅस बारीक ठेवा. ठराविक आकड्याला बारीक टक असा आवाज येतो आणि मीटर वाजतो, तो आकडा लिहून घ्या. मग गॅस बंद करून पाणी निवू द्या, परत सुटतो तो आकडा पण लिहा, तो बराच खाली असतो आणि तसाच असायला पाहिजे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपलं कोल्हापूर समुद्रापासनं साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. तुमच्या स्विचवर त्याच्यापेक्षा मोठा आकडा असेल तर तो पाण्यात कधीच जुळणार नाही आणि तुम्ही चांगला स्विच फेकून द्याल. असा स्विच खाद्यतेलात तपासा, स्विच आणि भांडं पूर्ण कोरडं पाहिजे, तेलात पाण्याचा एक थेंब पण नको, आणि पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

१०. स्विच पाण्यात टक करून जुळतो, वायर टेकवली की बझर पण वाजतो, तरी मशीनवर बसवल्यावर अर्थ मिळत नाही. असं का?

हे माझ्या हातून झालंय म्हणून सविस्तर सांगतो. नदीकाठच्या एका गावात बोट तयार करून दिली, वरचे तिन्ही टप्पे पास. पोरं खुश, मी पण खुश. निघताना काय मनात आलं कोण जाणे, बसवलेल्या स्विचच्या बॉडीला मीटरचं एक टोक आणि बॅटरीच्या मायनसला दुसरं लावलं, तर मीटर मुका. आटे गळू नयेत म्हणून मीच स्विचला टेफलॉन टेप गुंडाळली होती, प्लंबर गुंडाळतात तशी, आणि एक वायरच्या स्विचला अर्थ मिळायचा एकमेव रस्ता म्हणजे ते आटे. तिन्ही चाचण्यांत हे सापडलं नाही कारण प्रत्येक वेळी स्विच बाहेर होता. तशीच बोट पुरात गेली असती तर बझर कधीच वाजला नसता आणि सगळ्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला असता. ती संध्याकाळ मला अजून आठवते.

तेव्हापासनं चौथा टप्पा : स्विच बसवल्यावर त्याची बॉडी ते बॅटरीचा मायनस, कंटिन्युटी. टेप नाही, रंग नाही, गंज नाही. अर्थच्या थिंबलखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून चकचकीत धातू काढा, बोल्ट आवळा, मग वरनं ग्रीस. आधी ग्रीस लावू नका. काही मशीनला स्विच आट्यांचा नसतो, नुसता भोकात ढकलून पट्टीनं दाबलेला असतो, तिथं भोकाच्या आतला पांढरा गंज काढायचा.

११. बझर कुठं बसवायचा?

टोपणाच्या आत नको, तिथं गरम पण होतो आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू पण येत नाही. हँडल धरणाऱ्याच्या कानाच्या जवळ, बाकाच्या खालच्या बाजूला, तोंड खाली करून, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. बसवल्यावर फुल थ्रॉटलला बटण दाबून बघा, कानटोपी आणि रेनकोटची टोपी घालून. गोदामात कान फाडणारा बझर पाण्यावर डास गुणगुणल्यासारखा वाटू शकतो.

१२. बझर सारखाच वाजतोय, इंजिन तर थंड आहे. काय बिघडलं?

स्विचवरची वायर काढा. आवाज थांबला तर स्विच आतनं चिकटलाय, बदला. नाही थांबला तर वायर वाटेत कुठंतरी इंजिनाला घासून उघडी पडलीय, टोपण बसतं ती कड आणि इंजिन वळतं तो सांधा आधी बघा.

पूर्ण न वाजता बारीक कुरकुरत असेल तर बहुतेक वेळा ओल असते. कनेक्टरमध्ये गाळाचं पाणी जाऊन थोडा थोडा करंट अर्थ होत असतो. स्वच्छ धुवून, सुकवून परत बघा.

१३. फुल स्पीडनं येऊन इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी चावी फिरवली तर बझर वाजला, चालू केल्यावर लगेच थांबला. बिघाड आहे का?

नाही. इंजिन बंद झालं की पंप थांबतो पण धातूतली उष्णता तशीच असते, त्यामुळं काही मिनिटं हेडचं तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. चालू केल्यावर ताजं पाणी आलं की मिनिटाच्या आत थांबायला पाहिजे. थांबला नाही तर मात्र खरंच काहीतरी आहे. शक्य असेल तेव्हा बंद करायच्या आधी दोन मिनिटं आयडलवर चालवा, हे होणारच नाही.

१४. पुराच्या धारेत असताना बझर वाजला तर लगेच इंजिन बंद करायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर सरळ हो असं नाही. धारेत इंजिन बंद म्हणजे बोट नदीच्या ताब्यात. आधी थ्रॉटल आयडलवर आणा आणि पाण्याची धार बघा.

धार पडत असेल तर आयडलवरच हळूहळू पाण्याचा ओढ कमी असलेल्या बाजूला सरका, घराच्या आडोशाला, झाडाला. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत बझर थांबतो. थांबला म्हणून परत फुल मारू नका, अर्ध्या थ्रॉटलनं काठाला या.

धार पडत नसेल तर वेळ फार कमी आहे. आधी बोटीतल्या माणसानं झाड, खांब, काहीतरी धरायचं किंवा नांगर टाकायचा, मग इंजिन बंद, मग इंजिन वर उचलून पाणी घ्यायची जाळी बघायची. विजेचा खांब धरू नका. आपल्या पुरात जाळीवर काय सापडतं हे ज्यांनी २०१९, २०२१ पाहिलंय त्यांना सांगायला नको : केंदाळ, कॅरीबॅग, उसाचा पाला. पन्नास-पंचावन्न फुटाचं पाणी म्हणजे बोट सरळ उसाच्या फडावरनं चालते. हातानं साफ करा, खाली सोडा, चालू करा, धार बघा. हेडवर गार पाणी ओतू नका, तापलेलं अॅल्युमिनियम वाकतं नाहीतर तडकतं. इंजिन तापल्यामुळं बंद पडलं असेल तर दोरी हळू ओढून बघा, फिरत नसेल तर जोर लावू नका, वल्ही काढा. वल्ही बोटीत नसतील तर बझर कितीही चांगला असू दे, बोट पाण्यात घालू नका.

१५. माझ्या जॉन्सनला आधीच एक हॉर्न आहे, तो ऑइल संपल्यावर पण वाजतो म्हणतात. त्यालाच तापमानाचा स्विच जोडू का?

जोडलेला असतोच, ऑइल पंप असलेल्या मॉडेलमध्ये एकच हॉर्न दोन्ही कामं करतो. सलग आवाज म्हणजे इंजिन तापलं, तुटक तुटक बीप म्हणजे ऑइलची भानगड. म्हणूनच प्रश्न ४ मध्ये सलग आवाजाचा बझर घ्या म्हटलं. टाकीतच ऑइल मिसळून वापरत असाल आणि पंप काढून टाकला असेल तर ऑइलच्या वायरी नीट बंद करून ठेवा, उघड्या टोकांनी उगाच बीप येतात. मोठ्या व्ही मॉडेलमध्ये तापल्यावर इंजिन स्वतःच २५०० आरपीएमच्या आसपास अडवून धरतं, तो बिघाड समजून कार्बोरेटर उघडत बसू नका.

१६. पिझोचा आवाज कमी पडतो, कारचा हॉर्न लावला तर?

थेट नाही. तो काही अँप ओढतो, हेडवरच्या छोट्या स्विचचे पॉइंट जळून चिकटतात. लावायचाच तर मधे १२ व्होल्टचा ऑटो रिले टाका : ८६ ला फ्यूजनंतरचा प्लस, ८५ ला तापमानाच्या स्विचची वायर, ३० ला वेगळ्या फ्यूजमधनं प्लस, ८७ ला हॉर्न. रिलेच्या कॉइलवर एक ४००७ डायोड आडवा लावा, पट्टीची बाजू प्लसकडं. पण खरं सांगू का, दोन पिझो समांतर लावले तर काम भागतं आणि बिघडायला वस्तू कमी.

१७. दोन मशीन एका बोटीवर आहेत. आणि बझर तात्पुरता गप्प करायला एक स्विच ठेवला तर?

दोन मशीनला दोन बझर, वेगवेगळ्या आवाजाचे, प्रत्येकाजवळ आपापला एलईडी. एकच ठेवला तर कुठलं तापलंय हे शोधण्यातच वेळ जातो.

गप्प करायचा स्विच ठेवू नका. तो एकदा बंद केला की परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पुढच्या फेरीला हँडलवर दुसराच माणूस असतो, त्याला माहीत पण नसतं. प्रश्न ५ मधला ऑन-ऑफ स्विच सुद्धा असा जोडा की त्याच्यावरच बोटीची लाईट पण चालेल, म्हणजे तो बंद राहिलेला कळेल.

१८. वर्षातनं अकरा महिने मशीन गोदामात असतं. बझर कधी कधी तपासायचा?

बॅटरी महिन्यातनं एकदा चार्ज करा, सीलबंद बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. बटण प्रत्येक वेळी बोट पाण्यात घालायच्या आधी दाबायचं, दोन सेकंदाचं काम आहे. गरम पाण्याची चाचणी आणि प्रश्न १० मधली कंटिन्युटी दरवर्षी मे महिन्यात, आणि त्याच वेळी इम्पेलर काढून बघा. एकाच जागी दबून राहून त्याची पाती वाकडी होऊन बसतात, गाळाच्या पाण्यानं कडा झिजतात, वाकडी दिसली तर बदलाच.

आणि धारेच्या भोकात एक बारीक तार घालून बघा. कुंभारीण माशीला ते भोक फार आवडतं, मातीचं घर करून ठेवते. गेल्या वर्षी एका मशीनची धार येत नाही म्हणून मंडळी नवीन वॉटर पंप मागवायला निघाली होती, बझर वाजत नव्हता, हेड गार होतं. तार घातली तर चिमूटभर सुकी माती बाहेर आली आणि मागनं धार सुरू झाली.